सेलच्या पाटीतून शेकडेवारी
गुढीपाडवा जवळ आला की अंबरनाथ-बदलापूरहून आपण कपड्यांसाठी उल्हासनगरचं गजानन मार्केट नाहीतर एखादा मोठा सेल गाठतो. यंदा मुलांनाही हिशोबात घ्या. ‘५०% + २०% सूट’ अशी पाटी दिसली की विचारा, “हजाराचा ड्रेस कितीला पडेल?” माझ्या वर्गात बहुतेक मुलं ३०० म्हणाली. खरं तर आधी निम्मे, म्हणजे उरले ५००. पुढची २०% सूट या ५०० वर, म्हणजे १००. द्यायचे ४००. एकूण सूट ६०%, ७०% नव्हे. मोजके तीनशे घेऊन गेलेल्या आईला काउंटरवरून ड्रेस परत ठेवावा लागतो, पोर हिरमुसतं. म्हणून रांगेत उभं राहण्याआधीच मुलाकडून हिशोब करून घ्या.