एका गोळीचा भाव काढा

औषधाच्या दुकानावर ‘२० टक्के सवलत’ अशी पाटी दिसली, की ज्येष्ठ मंडळी दोन स्टॉप लांबच्या दुकानातही जातात. सवलत घ्यावी, जरूर घ्यावी. पण महिन्याच्या बिलातला खरा फरक चिठ्ठीवर कोणत्या ब्रँडचे नाव लिहिले आहे त्यावर ठरतो. सवलत एमआरपीवर मिळते आणि एमआरपी छापते कंपनी. मूळ औषध तेच असताना एका कंपनीची गोळी दोन रुपयांना आणि दुसरीची आठ रुपयांना मिळत असेल, तर आठावर वीस टक्के कमी करून हाती फारसे काही लागत नाही.

म्हणून आधी मागच्या महिन्याचे बिल घेऊन बसा आणि प्रत्येक औषधापुढे पेन्सिलीने एका गोळीचा भाव लिहा. पट्टीच्या भावावरून काही कळत नाही, कारण कुठली पट्टी १० गोळ्यांची असते, कुठली १५ ची, कुठली ३० ची. मग रोज किती गोळ्या लागतात ते पाहून महिन्याचा आकडा काढा. पाच-सहा औषधांच्या चिठ्ठीत बहुधा एक-दोनच औषधे बिलाचा मोठा वाटा खातात. रक्तदाबाची ॲम्लोडिपिन, मधुमेहाची मेटफॉर्मिन अशा जुन्या गोळ्या मुळातच स्वस्त आहेत. त्यांच्यापायी दुकाने पालथी घालू नका. लक्ष द्यायचे ते महागड्या एक-दोन औषधांकडे.

मधुमेहाच्या नव्या पिढीतल्या गोळ्या हे याचे सर्वांत मोठे उदाहरण. सिटाग्लिप्टिनचे पेटंट २०२२ मध्ये संपले. त्याच वर्षी जनऔषधी केंद्रांत ५० मिलिग्रॅमच्या १० गोळ्या ६० रुपयांना आल्या. त्या वेळी नावाजलेल्या ब्रँडच्या तशाच पट्ट्या १६२ ते २५८ रुपयांना होत्या. रोज एक गोळी धरली तरी महिन्याला १८० रुपये कुठे आणि पाचशे-सातशे कुठे! एम्पाग्लिफ्लोझिनमध्ये तर फरक याहून मोठा. मार्च २०२५ मध्ये पेटंट संपण्याआधी एक गोळी साठ रुपयांच्या आसपास पडायची. पेटंट संपताच अनेक भारतीय कंपन्यांनी तीच दहा-पंधरा रुपयांत, काहींनी त्याहूनही कमी भावात आणली. व्हिल्डाग्लिप्टिन आणि डापाग्लिफ्लोझिन ही औषधे त्याआधीच स्वस्त झाली होती. तरीही तीन-चार वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवरचा ब्रँड कित्येक घरांत आजही तसाच चालू आहे, कारण स्वस्त पर्याय आल्याचे आपणहून सांगायला कोणी येत नाही. तुमच्या घरी मधुमेहाची चिठ्ठी असेल, तर डॉक्टरांना एवढाच प्रश्न विचारा: ‘याच औषधाची स्वस्त कंपनी चालेल का?’ बहुतेक डॉक्टर लगेच लिहून देतात.

हे डॉक्टरांनाच विचारायचे, दुकानदाराला नाही. डॉक्टरांनी एक ब्रँड लिहिला असताना केमिस्टने दुसरा देणे नियमात बसत नाही, मग आत औषध तेच का असेना. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव, म्हणजे जेनेरिक नाव, मोठ्या स्पष्ट अक्षरांत लिहून घ्या. मग जनऔषधीत किंवा कोणत्याही दुकानात निवड तुमच्या हातात राहते. दुकानात ‘जेनेरिक’ म्हणून मिळणाऱ्या काही पट्ट्यांवर एमआरपी भरमसाट छापलेली असते आणि त्यावर ‘५० टक्के सूट’ दिली जाते. तिथेही एका गोळीचा भावच पाहा.

प्रधानमंत्री भारतीय जनऔषधी केंद्रे आता देशभरात १५ हजारांहून अधिक आहेत. तिथले भाव नावाजलेल्या ब्रँडपेक्षा साधारण ५० ते ९० टक्क्यांनी कमी असतात. रक्तदाबाच्या टेल्मिसार्टन ४० ची १० गोळ्यांची पट्टी तिथे बारा रुपयांच्या आसपास मिळते. बाजारातल्या प्रसिद्ध ब्रँडची एकेक गोळी सात-आठ रुपयांना पडते. अडचण एकच: साठा नेहमी असतोच असे नाही. गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी फोन करून विचारा. ‘जनऔषधी सुगम’ ॲपवर जवळचे केंद्र आणि औषधाचा भाव दोन्ही दिसतात. मदतीचा क्रमांक १८०० १८० ८०८०.

काही औषधांच्या बाबतीत मात्र दोन पैशांसाठी कंपनी बदलत राहू नये. थायरॉईडची गोळी, फिट्सची औषधे आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांपैकी वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमारॉल यांची मात्रा फार नाजूक असते. बदलायचीच असेल तर डॉक्टरांना सांगून एकदाच बदला, सांगितलेल्या मुदतीत रक्त तपासून घ्या आणि मग तीच कंपनी चालू ठेवा.

अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतल्या औषधांना सरकारने ठरवलेली कमाल किंमत असते. ती दर एप्रिलमध्ये घाऊक किमतींच्या निर्देशांकाप्रमाणे हलते. २०२३ मध्ये ती १२ टक्क्यांहून जास्त वाढली, तर २०२४ मध्ये जवळजवळ जागेवरच राहिली. यादीबाहेरच्या औषधांची एमआरपी कंपनी वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढवू शकते. ‘फार्मा सही दाम’ ॲपवर किंमत ताडून पाहता येते आणि जास्त आकारणीची तक्रार १८०० १११ २५५ वर करता येते. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. जुन्या साठ्यावर आधीची एमआरपी छापलेली असेल, तरी बिल नव्या दराने हवे.

पण बिल सर्वांत जास्त कमी होते ते एखादे औषध बंद झाल्यावर. वयस्क माणूस हृदयासाठी एका डॉक्टरांकडे जातो, गुडघ्यासाठी दुसऱ्या, लघवीच्या तक्रारीसाठी तिसऱ्या. ॲम्लोडिपिनने काहींचे पाय सुजतात. ही सूज गोळीची आहे हे लक्षात आले नाही, तर ती उतरायला लघवी वाढवणारी गोळी सुरू होते. मग रात्री तीनदा उठावे लागते म्हणून लघवीवर ताबा ठेवणारी गोळी येते, तिने तोंड कोरडे पडते आणि पोट साफ होत नाही, म्हणून जुलाबाचे औषध. चार बिले, आणि मूळ कारण पहिल्या गोळीत. हॉस्पिटलमधून घरी येताना काही दिवसांसाठी दिलेली पित्ताची गोळी वर्षानुवर्षे चालू राहते, तेही असेच. सहा महिन्यांतून एकदा घरातल्या सगळ्या पट्ट्या, बाटल्या, डोळ्यांचे थेंब, चूर्णे, काढे आणि दुखण्यावर स्वतः आणलेल्या गोळ्या पिशवीत भरून एकाच डॉक्टरांसमोर ठेवा आणि विचारा, ‘यातले काय बंद करता येईल?’ तपासणीची फी वाटल्यास दुप्पट द्या, ती वसूल होते. स्वतःच्या मनाने मात्र काही थांबवू नका. स्टिरॉइड किंवा हृदयाचे ठोके कमी करणाऱ्या गोळ्या एकदम सोडल्या, तर जिवावर बेतू शकते.

इन्सुलिनच्या बाबतीत पैशाआधी सुरक्षितता पाहा. आपल्याकडे साध्या ह्युमन इन्सुलिनची बाटली बहुधा ४० युनिट प्रति मिलिलीटर असते आणि तिच्यासाठी लाल टोपणाची सिरिंज लागते. १०० युनिटच्या बाटलीसाठी नारिंगी टोपणाची. ही अदलाबदल झाली की घोळ होतो: ४० ची बाटली आणि नारिंगी सिरिंज, तर २० च्या रेघेवर प्रत्यक्षात ८ युनिटच जातात. उलट झाले तर ५० युनिट जातात आणि साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. सिरिंज आणताना बाटली सोबत न्या. १० मिलिलीटरच्या ४० वाल्या बाटलीत ४०० युनिट असतात, भाव साधारण दीडशे रुपये. उघडलेली बाटली सहसा २८ दिवसच वापरायची. रोज २० युनिट लागत असतील तर ती वीस दिवसांत संपते. रोज १० लागत असतील तर १२० युनिट टाकून द्यावे लागतात, म्हणून अशांनी ३ मिलिलीटरच्या कार्ट्रिजचा हिशेब विचारावा. तिच्यात ३०० युनिट असतात, पण पेन आणि सुया वेगळ्या घ्याव्या लागतात. न उघडलेले इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवा, पण बर्फाच्या कप्प्याजवळ नको. गोठलेले इन्सुलिन वापरू नका.

ग्लुकोमीटर स्वस्तात मिळतो, खर्च पट्ट्यांचा. एक पट्टी १५ ते २५ रुपयांना पडते, म्हणजे दिवसाला दोन तपासण्या केल्या की महिन्याला ९०० ते १५००. फक्त गोळ्या घेणाऱ्यांना रोज बोट टोचण्याची गरज बहुधा नसते. आठवड्यातून किती वेळा आणि कधी तपासायचे, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. मीटर घेण्याआधी त्याच्या पट्ट्या आपल्या गावात मिळतात का, ते पाहा.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे सामान हा वेगळाच खर्च आहे. चिकटपट्टीचे डायपर ३० ते ४५ रुपयांना एक. दिवसाला तीन म्हटले तरी महिन्याला तीन-चार हजार. दिवसा ठरावीक वेळी भांडे किंवा कमोड खुर्ची आणि फक्त रात्री डायपर, एवढ्यानेही खर्च निम्म्याखाली येतो आणि कातडीही बरी राहते. कंबरेचे माप घेऊन आधी छोटेच पाकीट आणा. लघवीची नळी लावलेली असेल तर साधी लॅटेक्सची नळी शंभर-दीडशेची असते, सिलिकॉनची पाचशेच्या वर. पण लॅटेक्सची दोन-तीन आठवड्यांत बदलावी लागते, सिलिकॉनची जास्त टिकते. नळी बदलायला येणाऱ्या नर्सची फी हिशेबात धरा, मग महागडीच परवडते. आणि एअर बेडसाठी दोन हजार रुपये पहिल्याच आठवड्यात खर्च करा. पाठीला जखम झाली की तिचे ड्रेसिंग महिनोन्‌महिने चालते आणि त्या माणसाचे हाल बघवत नाहीत.

खाट, व्हीलचेअर, वॉकर विकत घेण्याची घाई नको. महाराष्ट्रात बऱ्याच गावांत सेवाभावी संस्था आणि गणेश मंडळे रुग्णसाहित्य केंद्रे चालवतात. अनामत भरून नाममात्र भाड्याने सामान मिळते, परत केले की अनामत परत. खासगी दुकानात डोके-पाय वर-खाली करता येणाऱ्या फाऊलर खाटेचे भाडे महिन्याला दोन-चार हजार असते. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर भाड्याने आणताना विजेचा विचार आधी करा. पाच लिटरचे यंत्र साधारण ३५० वॅटचे असते. दिवसरात्र चालले तर महिन्याला २५० युनिट, म्हणजे वीजबिलात सहज दोन-अडीच हजारांची भर. वीज गेली तर काय, याचीही सोय आधीच करून ठेवा.

सरकारी योजनांबाबत गैरसमज फार आहेत. ७० वर्षे पूर्ण झालेल्या सर्वांना मिळणारे आयुष्मान वय वंदना कार्ड वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार देते, पण ते दाखल झाल्यावरचे. रोजच्या गोळ्या त्यात बसत नाहीत; घरी आल्यानंतरच्या पंधरा दिवसांची औषधे मात्र बसतात. रोजच्या रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि महापालिकेच्या दवाखान्यात मोफत मिळू शकतात. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतले उपचारही मोफत आहेत. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या ६५ वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीला मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून चष्मा, श्रवणयंत्र, काठी, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी एकदाच तीन हजार रुपये खात्यात मिळतात. चौकशी जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, समाज कल्याण यांच्या कार्यालयात करा.

पक्के बिल प्रत्येक वेळी घ्या आणि पैसे यूपीआयने किंवा कार्डाने द्या. आरोग्य विमा नसलेल्या ज्येष्ठांच्या औषधोपचारावर वर्षाला ५० हजारांपर्यंतची, ८०डी नावाने ओळखली जाणारी करवजावट जुन्या करप्रणालीत मिळते. रोखीने दिलेला खर्च त्यात धरला जात नाही. सुट्या गोळ्या घेताना ज्या तुकड्यावर मुदत आणि बॅच क्रमांक आहे तोच मागा. तो आधीच कापून गेला असेल तर दोन्ही बिलावर लिहून घ्या. औषध बदलले की न फोडलेल्या पट्ट्या बिलासकट लगेच दुकानात न्या, पुष्कळ केमिस्ट परत घेतात. फ्रिजमधले इन्सुलिन सहसा कोणी परत घेत नाही, तेव्हा ते एका वेळी महिन्याभरापुरतेच आणा.