चावी देण्याआधी

मुलुंड पूर्वेला आमचा एक वन-बीएचके आहे, तो मी भाड्याने देतो. पहिल्यांदाच फ्लॅट भाड्याने देणारे ओळखीचे लोक हल्ली सल्ला विचारायला येतात आणि त्यांचा पहिला प्रश्न हमखास ‘भाडे किती येईल?’ असा असतो. मी आधी करार कसा करणार ते विचारतो.

मागे एका भाडेकरूची मुदत संपत आली होती. आठवण करून दिली तर म्हणाले, “काका, मुलीची दहावी आहे, परीक्षा होऊन जाऊ दे.” परीक्षा झाली, निकाल लागला, तरी सामान जागचे हलले नाही. मग भाडे थांबले आणि फोन उचलणेही. करार नोंदणीकृत होता, म्हणून वकिलाने महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज टाकला. मुदत संपल्यावर जागा अडवून बसणाऱ्याकडून या कलमाखाली दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. शिवाय समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन बाजू मांडायची परवानगी मिळवली नाही, तर समोरच्याला लढताच येत नाही. समन्स हातात पडल्यावर गृहस्थांना दुसरी जागा लगेच सापडली.

आमच्याच बिल्डिंगमधल्या एका शेजाऱ्यांकडे मात्र नोटरी केलेला स्टॅम्पपेपर होता. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, असे ब्रोकरने छातीठोकपणे सांगितलेले. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत हे वाक्य अजून ऐकू येते, आणि महाराष्ट्रात ते साफ चूक आहे. कलम 55 प्रमाणे करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते खरे धरले जाते. खोटे आहे हे आपण सिद्ध करायचे. वर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

जुन्या लोकांना भाडेकरूची धास्ती वाटते, तिला कारण आहे. 1 फेब्रुवारी 1973 रोजी चालू लिव्ह अँड लायसन्स करारावर राहणाऱ्यांना कायद्याने थेट संरक्षित भाडेकरू केले होते. पण तो मुंबई भाडे कायदा 31 मार्च 2000 पासून इतिहासजमा झाला. धास्ती राहिली, माहिती पोचली नाही.

बरे, नोंदणी टाळून वाचवतो तरी किती? भाडे 28,000 आणि डिपॉझिट एक लाख धरा. वर्षाचे भाडे 3,36,000, त्यात डिपॉझिटवरचे दहा टक्के म्हणजे 10,000 मिळवा आणि त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क काढा: 865 रुपये. नोंदणी फी शहरात 1,000. वर एजंटचे जे काही असतील ते. तो घरी येऊन अंगठे घेऊन जातो.

कर्ज काढून दुसरा फ्लॅट घेणाऱ्यांनी आणखी एक आकडा मांडावा. 80 लाखांचे कर्ज वीस वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतले तर हप्ता 69 हजारांच्या पुढे जातो. 28 हजारांचे भाडे त्याला कुठवर पुरणार? त्यातूनही मेंटेनन्स, मालमत्ता कर, रंगकाम आणि भाडेकरू बदलताना रिकामा जाणारा महिना वजा करायचा. सोसायटीचे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेसही द्यावे लागतात. मात्र 2001 च्या शासन आदेशाने ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपलीकडे आकारता येत नाहीत. बिलात मनमानी रक्कम दिसली तर सेक्रेटरींना तो आदेश दाखवा.

फ्लॅट विकत घ्यायचा असेल तर जुलैत बघा, दिवाळीत नको. कपाट भिंतीपासून वीतभर सरकवायला सांगा. मागे काळी बुरशी असेल तर नव्या रंगाला भुलू नका. भाडेकरू येण्याच्या दिवशी विजेच्या मीटरचे रीडिंग, गिझर, नळ, खिडक्यांचे फोटो काढून दोघांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. डिपॉझिट परत करताना निम्मे वाद त्यावरच मिटतात. पोलिसांना भाडेकरूची माहिती ऑनलाइन देऊन पावती जपून ठेवा.

एवढे करूनही ब्रोकर म्हणेल, “पार्टी चांगली आहे, आज सामान येऊ द्या, नोंदणी पुढच्या आठवड्यात करू.” अशा वेळी चावी देऊ नका, पार्टी गेली तरी चालेल.