चूल ठेव, धूर घालव

मळ्यातल्या घरात चूल मांडू का, असं विचारलंस ना? मांड गं, खुशाल मांड. दारात पऱ्हाटीचा एवढा ढीग पडलेला असताना घरादाराच्या आंघोळीचं पाणी १४.२ किलोच्या सिलिंडरवर तापवायचं, यात कसलं शहाणपण? १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली, गावोगाव शेगड्या आल्या, तरी चोपडा-शिरपूरकडच्या घरांतली चूल काही विझली नाही. सिलिंडर आणायला रोख पैसे मोजावे लागतात, सरपण शेतातून येतं. हा हिशेब बाईला कुणी शिकवावा लागत नाही.

पण एक गोष्ट गाठीला बांध. चूल म्हटली की धूर आलाच, असं सगळ्याजणी धरून चालतात. माय वं, धूर म्हणजे न जळता उडून गेलेलं सरपण! जाळ लख्ख पिवळा, तर चूल चांगली. डोळे चुरचुरले, खोकला आला, तर समज की काहीतरी चुकतंय: लाकूड ओलं आहे, चुलीला खालून वारा मिळत नाही, नाहीतर तोंडात लाकडं ठासून भरली आहेत.

जुन्या धाब्याच्या घरांत छताला झरोका असायचा, धूर निदान वरून निघून तरी जायचा. तुमचं स्लॅबचं घर. आत साधी चूल मांडलीस तर धूर तिथेच घुटमळणार, भिंती काळ्या होणार आणि तुझी छातीही. म्हणून आतल्या चुलीला धुराडं हवंच. निर्धूर चूल काही नवी नवलाई नाही. वर्ध्याची मगन चूल आपल्या आजीच्या काळातली. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने लक्ष्मी चूल काढली, तिच्यावर दोन भांडी बसतात, खाली जाळी आणि मागे धुराडं असतं. जाळीमुळे राख खाली पडते आणि जाळाला खालून वारा मिळतो, सगळी करामत तेवढीच. धुराड्याचा पाईप छपराच्या चांगला दोन-तीन फूट वर काढ, वर टोपी बसव, आणि काजळी झाडायची आठवण ठेव. ऐंशीच्या दशकात सरकारी योजनेतून अशा चुली पुष्कळ वाटल्या गेल्या. पुढे कितीतरी घरांत धुराडी तुंबली, कुणी साफ केली नाहीत, आणि बायका पुन्हा तीन दगडांवर आल्या.

आता तुला कानात सांगते. सासूबाईंपुढे ‘मला धूर सोसत नाही’ असं म्हणू नकोस. ‘आम्ही जन्मभर सोसला’ हे उत्तर तयारच असतं. त्याऐवजी म्हण, ‘आई, या चुलीला सरपण कमी लागतं, आणि पुढच्या जाळावर भाजी होईस्तोवर मागच्या वैलावर वरण शिजतं.’ सरपणाची बचत कुठल्याही सासूला पटते.

सरपणाचंही ऐक. नुकत्याच तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मं पाणी असतं, आणि ते उडवण्यातच जाळाचा बराच जोर खर्ची पडतो. बाभळीची लाकडं अखाजीच्या आधीच फोडून घे. आपल्या मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हाचा काहीतरी फायदा होऊ दे! पावसाआधी ती पत्र्याखाली, विटांवर रचून ठेव. अंधारात ढिगात हात घालू नकोस, आधी काठीने हलव. विंचवाला ती जागा फार आवडते. प्लास्टिक आणि रंग दिलेली फळकुटं चुलीत नकोत. सातपुड्यातून आलेल्या मोळीत बिब्ब्याचं लाकूड असेल तर ते वेगळं काढ, त्याच्या धुराने अंगावर सूज येते. कण्हेरही जाळायची नाही.

पऱ्हाटी भुरकन पेटते आणि तशीच विझते, पण फुकट असते. तिला वाळलेली बोंडं लटकलेली असतात, त्यांत गुलाबी बोंडअळी दडून बसते. पऱ्हाटी बांधावर रचून ठेवू नका, असं कृषी खातं उगाच सांगत नाही. बोंडं झाडून जाळून टाक आणि पेरणीच्या आत पऱ्हाटी संपव. नाहीतर चुलीसाठी साठवलेल्या ढिगातून पुढच्या कपाशीला कीड लागायची.

कोणतं काम गॅसवर आणि कोणतं चुलीवर, हे पहिल्या दिवसापासून ठरवून टाक. सकाळचा चहा, लेकराचं दूध, रात्री-अपरात्री आलेला पाहुणा, हे गॅसचं काम. भाकर, वरण, भरीत आणि पाणी चुलीचं. भरिताची हिरवी वांगी तेलाचा हात लावून तुराट्यांच्या जाळावर टाक. साल काळी पडून सुटली, देठाजवळ बोट दाबल्यावर आत गेलं, की वांगं झालं. कळण्याची भाकर तव्यावर दोन्ही बाजूंनी शेकली की चुलीच्या तोंडाशी आर ओढ आणि भाकर त्याच्यापुढे उभी टेकव. जाळात धरू नकोस, करपते. आरापुढे ती सावकाश टम्म फुगते. अखाजीचे मांडे तर गॅसवर जमतच नाहीत. पालथ्या खापराला चारी बाजूंनी पसरलेला जाळ लागतो, बर्नरचं एवढंसं कडं त्याला कुठून पुरणार? त्या दिवशी मात्र चूल अंगणात मांड. मेमध्ये आत चूल पेटवणं म्हणजे स्वतःलाच भाजून घेणं.

पाण्यासाठी बंब घे. तांब्याचा जुना मिळाला तर सोनंच. रिकामा बंब कधी पेटवू नकोस, सांधे सुटतात. तोटीतून बादलीभर गरम काढलंस की वरून तेवढंच गार ओत. मक्याची बुरकुंडं, शेंगांची टरफलं, लाकडाच्या ढलप्या, काहीही चालतं त्याला. पण बंब बाहेर, उघड्यावर. बंद न्हाणीघरात नको.

थंडीचं तर बजावूनच सांगते. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा सहा-सात अंशांवर येतो, आणि मळ्यात तर गारठा जास्तच. स्वयंपाक उरकल्यावर चुलीपाशी बसून शेका, गप्पा मारा. पण निखाऱ्यांचं घमेलं झोपायच्या खोलीत नेऊन दार-खिडक्या लावून घ्यायच्या नाहीत, म्हणजे नाहीत! निखाऱ्यांतून जो विषारी वायू निघतो त्याला ना वास, ना रंग. धूर नाही म्हणून माणूस निर्धास्त झोपतो आणि सकाळी उठतच नाही. बाळंतिणीच्या शेकासाठी शेगडी ठेवलीत तरी खिडकी उघडी हवी आणि शेक झाला की शेगडी बाहेर.

तुला दिवस गेले की धुरापासून आणखी लांब राहा. धुरात वावरणाऱ्या आईचं बाळ कमी वजनाचं जन्मण्याची भीती असते, लहान लेकरांना न्यूमोनिया होतो आणि बाईच्या छातीला कायमचा दम लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२० साली घरातल्या असल्या धुराने जगभरात सुमारे ३२ लाख माणसं गेली. तेव्हा त्या महिन्यांत सिलिंडरच्या पैशांकडे बघू नकोस, आणि कुणी बघितलं तर मला फोन कर.

शेवटचं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. चूल म्हणजे नुसता स्वयंपाक नाही. लाकडं फोडायची, वाळवायची, वाहून आणायची, बंब पेटवायचा, राख काढायची, धुराडं झाडायचं. पहिल्या महिन्यात ज्याने जे काम केलं ते त्याच्याच गळ्यात जन्मभर पडतं. लाकडं फोडणं, बंब आणि धुराडं ही तीन कामं पहिल्याच आठवड्यात जावईबापूंच्या नावावर करून टाक. आंघोळीला कढत पाणी सगळ्यात आधी त्यांनाच लागतं ना!