एक चित्र, सहा दुकाने

लग्नसराईच्या तोंडावर आम्ही कामठीहून साड्यांचे नमुने अमरावती, यवतमाळ, चंद्रपूर, गोंदिया, वर्धा आणि भंडारा येथील सहा दुकानदारांना एकाच वेळी थेट चित्राने दाखवायला बसलो. प्रत्येकाला वेगळे चित्र आमच्याच कॉम्प्युटरवरून जात होते. तिघांपर्यंत ठीक चालले. चौथा जोडला जाताच चित्र फाटू लागले, सहाव्याला थिजलेच. चंद्रपूरच्या दुकानदाराला काठाची वीण नीट दिसली नाही. माल परत आला आणि दोन्ही बाजूंचे भाडे आमच्या अंगावर पडले.

चूक हिशेबाची होती. कापडाचा पोत दिसेल असे चित्र पाठवायला सेकंदाला सुमारे ३ मेगाबिट लागतात. सहा ठिकाणी १८. आमच्या कनेक्शनचा अपलोडचा वेग होता १०. व्यापारी बांधव कनेक्शन घेताना डाउनलोडचा वेग विचारतात, अपलोडचा विचारत नाहीत.

उपाय जुनाच आहे. मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झाले. १९७३ मध्ये सिंहगडावरील केंद्रातून तेच कार्यक्रम पुण्याला दिसू लागले. स्टुडिओ एक, पुढे पोहोचवणारा दुसरा. इंटरनेटवर हे काम रिले सर्व्हर करतो. दुकानातून त्याच्याकडे चित्र एकदाच जाते, म्हणजे ३ मेगाबिटच. त्याच्या प्रती तो मागेल त्याला देतो. चित्र नव्याने बनवायचे नसल्याने साधे मशीन पुरते, पण ते दुकानात ठेवू नये. ठेवले तर १८ चे ओझे पुन्हा त्याच तारेवर येते. डेटा सेंटरमध्ये भाड्याने घ्यावे. पाठवायला ओबीएस आणि वाटायला एनजिनएक्सचे आरटीएमपी मॉड्यूल, दोन्ही फुकट मिळतात.

भाडे ठरवताना वापर मोजा. एका ठिकाणी तासाला सुमारे १.३५ गिगाबाइट, सहा ठिकाणी ८ च्या वर. पाहणारे शेकड्यांनी वाढले तर मुख्य सर्व्हरखाली आणखी रिले लावता येतात, आडत्याखाली दलाल असावेत तसे.

चित्र मात्र काही सेकंद मागे असते. एचएलएस पद्धतीने पाहिल्यास वीस-तीस सेकंदही. त्यामुळे फोनवर भाव ठरवताना "ही साडी" म्हणू नये, नंबर बोलावा. आम्ही आता वहीतला नंबर प्रत्येक साडीला टाचूनच बसतो. आणि पाहण्याच्या पत्त्याला पासवर्ड लावावा. उघडा पत्ता कोणाच्याही हाती पडतो, आणि आपले नवे डिझाइन आपला माल बाजारात पोहोचण्याआधी दुसऱ्याच्या मागावर चढते.