अर्थपरिवर्तन आणि समाज : ‘रेशन’, ‘कंट्रोल’, ‘शिधा’

मागील उपघटकात आपण अर्थसंकोच व अर्थापकर्ष या संकल्पना पाहिल्या. येथे त्यांसाठी घरातीलच एक वस्तू उदाहरणादाखल घेऊ : शिधापत्रिका.

मुंबईत धान्याचे रेशनिंग १९४३ मध्ये सुरू झाले आणि ‘रेशन’, ‘कंट्रोल’ हे शब्द मराठीत रुळले. ‘कंट्रोल’ म्हणजे नियंत्रण. परंतु विदर्भाच्या बोलीत तो चक्क दुकानाचा वाचक झाला. नियंत्रणे उठवावीत असा आग्रह महात्मा गांधींनी धरला व डिसेंबर १९४७ मध्ये सरकारने तसे ठरवले. त्याच महिन्यात सोव्हिएत संघानेही शिधावाटप बंद केले. तेथे लोकांना आनंद झाला खरा, पण सोबतच जुन्या नोटा दहास एक या दराने बदलल्या गेल्याने साठवलेली रोकड मातीमोल झाली. आपल्याकडे भाव भडकले आणि १९४८ मध्येच नियंत्रणे परतली. रफी अहमद किडवई अन्नमंत्री असताना, १९५४ पर्यंत, ती उठली. पुढे रास्त भाव दुकाने वाढली तेव्हा नावे तयारच होती.

१९९९ पासून महाराष्ट्रात पिवळी, केशरी, पांढरी अशी तीन रंगांची कार्डे आली. विशेषणांची नामे झाली : ‘आम्ही केशरीवाले.’ पांढऱ्या कार्डावर धान्य नाही, तरीही ते जपून ठेवले जाते. रहिवासाचा पुरावा म्हणून ते अनेक वर्षे चालत आले.

आता पिंपरी-चिंचवडकडे या. अन्नसुरक्षा कायद्याच्या लाभासाठी राज्याने शहरी केशरी कार्डधारकांना वार्षिक ५९,००० रुपयांची मर्यादा घातली. म्हणजे महिन्याला पाच हजारांहूनही कमी. भोसरीच्या कारखान्यात कंत्राटावर असलेला कामगारही तेवढ्यात बसत नाही. अशा घरांतून येणारे विद्यार्थी धान्य थांबल्याचे कसे सांगतात, हे मी वर्गात ऐकत आलो आहे. कोणी म्हणतो, ‘धान्य बंद झाले’. येथे कर्ताच नाही, जणू पाऊस थांबला. कोणी म्हणतो, ‘नाव कापले’. कर्ता अध्याहृत, पण रोष उघड. कचेरीची भाषा हीच घटना ‘नाव कमी केले’ अशी सौम्य करते. आणि क्वचित एखादी आई म्हणते, ‘आम्ही धान्य सोडले.’ येथे कर्ता स्वतः आहे व क्रियापदात मान आहे. मला कोशातील अर्थांपेक्षा ही क्रियापदे अधिक बोलकी वाटतात.

‘शिधा’ मात्र निराळ्या वाटेने गेला. वाटसरूला वा ब्राह्मणाला दिलेले कोरडे धान्य हा त्याचा जुना अर्थ. त्यात देणाऱ्याचा सत्कारभाव होता. ‘शिधापत्रिका’ या शासकीय शब्दात तो विरला. २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांच्या संचाला ‘आनंदाचा शिधा’ हे नाव दिले गेले, तेव्हा सणाचा संदर्भ पुन्हा जोडला गेला. याला अर्थोत्कर्ष म्हणावे का, याविषयी मी साशंक आहे. जाहिरातीने दिलेला अर्थ बोलीत टिकेलच असे नाही.

स्वयं-अध्ययन : चाकण परिसरात उत्तर प्रदेशातून आलेले कामगार रेशन दुकानदारास ‘कोटेदार’ म्हणतात. आपल्या वस्तीत या दुकानासाठी व दुकानदारासाठी कोणते शब्द वापरले जातात, ते तीन पिढ्यांतील व्यक्तींकडून ऐकून नोंदवा. धान्य थांबल्याचे सांगताना प्रत्येकाने वापरलेले क्रियापद जसेच्या तसे लिहा.