हृदयविकाराचा झटका, दाह आणि प्रतिपिंडे



'टोसिलिझुमॅब' हे नाव आठवतं का? २०२१ च्या उन्हाळ्यात कोरोना रुग्णांचे नातेवाईक महाराष्ट्रभर हे इंजेक्शन शोधत फिरत होते. हृदयविकाराच्या झटक्यानंतर हेच औषध हृदय वाचवायला मदत करेल का, याच्या अभ्यासाचे निष्कर्ष त्याच वर्षी नॉर्वेतून प्रसिद्ध झाले. रोगप्रतिकारशक्ती शिकवताना हा विषय वर्गात छान जोडता येतो. घरी तर तो माहीत असायलाच हवा.

झटका आल्यावर आत काय होतं?

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी धमनी गुठळीने बंद होते. त्या भागाला प्राणवायू मिळत नाही आणि पेशी मरू लागतात. मेलेल्या पेशींची सफाई करायला पांढऱ्या पेशी धावून येतात. यालाच दाह म्हणतात. पायात काटा मोडला की ती जागा लाल होते, सुजते, ठणकते ना? तसंच काहीसं.

हा दाह गरजेचा आहे. सफाई झाल्याशिवाय जखम भरत नाही. पण तो प्रमाणाबाहेर गेला तर शेजारच्या जिवंत पेशींनाही इजा होते. मुलांना आपल्याकडचं उदाहरण द्या: धुऱ्यावरचं गवत जाळायला आग लावली आणि वाऱ्याने ती सोयाबीनच्या सुडीपर्यंत गेली. आग लावली होती सफाईसाठी, नुकसान झालं पिकाचं.

प्रतिपिंड म्हणजे काय?

साप चावल्यावर दवाखान्यात जी लस देतात, ती म्हणजे प्रतिपिंडंच. घोड्याला विषाची थोडी थोडी मात्रा देतात. त्याच्या रक्तात विषाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात, ती वेगळी काढून औषध बनतं. मुंबईच्या हाफकिन संस्थेचं नाव याच कामामुळे अनेकांना ठाऊक आहे.

१९७५ मध्ये कोलर आणि मिलस्टाइन या शास्त्रज्ञांनी एकाच प्रकारची प्रतिपिंडे प्रयोगशाळेत हवी तेवढी बनवायची पद्धत शोधली. १९८४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. टोसिलिझुमॅब हे असंच एक प्रतिपिंड. जपानमध्ये तयार झालेलं हे औषध संधिवातासाठी वापरतात. 'इंटरल्युकिन-६' नावाचा पदार्थ पेशींना दाह वाढवण्याचा निरोप देतो. हे औषध निरोप घेणारी जागाच अडवून बसतं.

प्रयोगांत काय दिसलं?

नॉर्वेतल्या अभ्यासात १९९ रुग्ण होते. दुखणं सुरू झाल्यापासून सहा तासांच्या आत आलेल्या या रुग्णांची अँजिओप्लास्टी झाली. त्यातल्या निम्म्यांना टोसिलिझुमॅबचा एक डोस दिला. त्यांचा हृदयाचा स्नायू थोडा जास्त वाचला. पण सहा महिन्यांनी जखमेच्या आकारात ठोस फरक सिद्ध झाला नाही.

त्याआधी २०१७ मध्ये 'कॅनाकिनुमॅब' या दुसऱ्या प्रतिपिंडाचा मोठा अभ्यास आला होता. पूर्वी झटका येऊन गेलेले आणि रक्तात दाहाची खूण असलेले १०,०६१ रुग्ण त्यात होते. १५० मिलिग्रॅमचा डोस दर तीन महिन्यांनी घेणाऱ्यांमध्ये पुन्हा झटका, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण १५ टक्क्यांनी कमी झालं. मात्र औषध घेणाऱ्यांमध्ये जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू वाढले, आणि एकूण मृत्यूंत फरक पडला नाही. दाह दाबला की जंतूंशी लढणारी ताकदही कमी होते. म्हणून ही प्रतिपिंडे आजही झटक्यानंतरचा नेहमीचा उपचार झालेली नाहीत.

इथे एक सावधगिरी. 'सूज कमी करायची आहे ना' म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारखी गोळी मनाने घेऊ नका. हृदयरुग्णांत अशा गोळ्यांनी धोका वाढतो.

मग आज हृदय कशाने वाचतं?

वेळेने. धमनी जितकी लवकर मोकळी होईल तितका स्नायू वाचतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शनही सुरुवातीच्या तासांतच जास्त काम करतं. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात लोणार, मेहकरकडच्या खेड्यातून अकोला किंवा छत्रपती संभाजीनगर गाठायला किती वेळ जातो, हे तुम्हाला सांगायला नको. त्यात 'गॅस झाला असेल, सकाळी बघू' म्हणून रात्र काढली, तर जगातलं कोणतंही प्रतिपिंड मेलेला स्नायू परत आणू शकत नाही.

छातीत दाब, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात जाणं, दरदरून घाम, धाप, मळमळ यांपैकी काही जाणवलं तर लगेच १०८ ला फोन करा. रुग्णाला चालवू नका. मोटारसायकलवर मधे बसवून नेऊ नका. मधुमेही आणि वयस्कर माणसांना कधी कधी छातीत दुखतही नाही, हेही लक्षात ठेवा.

वर्गासाठी उपक्रम

१. दाह उपयोगी केव्हा आणि घातक केव्हा? दोन-दोन वाक्यांत लिहा.
२. सर्पदंशाची लस आणि टोसिलिझुमॅब यांतलं एक साम्य आणि एक फरक सांगा.
३. तुमच्या गावापासून ईसीजी काढणारा सर्वात जवळचा दवाखाना कोणता? रात्री तिथे पोहोचायला किती वेळ लागतो? घरी विचारून या.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पालकांनी मुलांसोबत बसून लिहावं आणि तो कागद घरात सगळ्यांना दिसेल असा लावावा.