मुलांच्या प्राणिकथा आणि 'पाडस'

ज्यात एकही पशू वा पक्षी नाही असे गोष्टीचे पुस्तक लहान मुलांच्या हाती क्वचितच पडते. आजीच्या तोंडची चिमणी-कावळ्याची गोष्ट, शाळेच्या पुस्तकातील ससा-कासव, आणि थोडे वाचता येऊ लागले म्हणजे पंचतंत्र व हितोपदेश, अशी ही परंपरा आपल्याकडे फार जुनी आहे. हितोपदेशाचे मराठी भाषांतर तर १८१५ साली बंगालमधील श्रीरामपूर येथे छापले गेले. मराठी ग्रंथमुद्रणाचा तो आरंभकाळ होता; म्हणजे या कथांतील कोल्हे-कावळे आपल्या भाषेत छापखान्याच्या पाठोपाठच आले असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु या जुन्या कथांतील प्राणी हे खरोखर प्राणी आहेत काय, असा प्रश्न अभ्यासू वाचकाने एकदा तरी विचारावयास हवा. पंचतंत्रातील कपोतराज चित्रग्रीव आपल्या परिवारासह पारध्याच्या जाळ्यात सापडतो, सर्वांस एकदम उडावयास सांगून जाळ्यासकट आपला मित्र हिरण्यक उंदीर याच्या बिळापाशी जातो, आणि उंदीर त्याचे पाश कुरतडू लागताच, आधी माझ्या सेवकांचे पाश तोड असे त्यास विनवितो. प्रसंग मोठा सुंदर आहे. पण तो राजधर्माचा पाठ होय. त्यात कबुतराच्या स्वभावाचा अंश थोडा. विष्णुशर्म्यास राजपुत्रांना शहाणे करावयाचे होते. कबुतराने काय खावे, पिलांस कसे वाढवावे, ससाणा दिसता त्याच्या काळजाचे काय होते, हे सांगण्याचे त्यास प्रयोजनच नव्हते. त्याच्या कथेत पिसांच्या आत माणूस आहे.

प्राण्यास प्राणी म्हणूनच कथेत आणावे व त्याचे सुखदुःख त्याच्याच शरीराच्या अनुरोधाने सांगावे, ही दृष्टी मुलांच्या वाङ्मयात पुष्कळ उशिरा स्थिर झाली. इंग्लंडात अ‍ॅना सूएल या बाईंनी १८७७ साली 'ब्लॅक ब्यूटी' हे एका घोड्याचे आत्मचरित्र प्रसिद्ध केले. लेखिका चौदाव्या वर्षी पडून पायाने अधू झाल्या होत्या. त्यामुळे जाणे-येणे घोड्याच्या गाडीनेच होई, आणि घोड्यांचा स्वभाव त्यांच्या पुरता परिचयाचा झाला होता. पुस्तक निघाल्यावर काही महिन्यांतच, १८७८ साली, त्या वारल्या. यातील घोडा बोलतो खरा, परंतु बोलतो ते घोड्याचे. केवळ दिमाखासाठी मान ताठ उभी धरणारा आखूड लगाम चढणीवर कसा जाचतो हे तो सांगतो, आणि ते वाचताना आपलीच मान दुखू लागते. पुस्तक मुळात मुलांसाठी लिहिलेले नव्हते. घोड्यांशी रोज काम पडते अशा मोतद्दारांनी व गाडीवानांनी ते वाचावे, ही लेखिकेची इच्छा होती. मुलांनी ते आपण होऊन आपलेसे केले.

त्यातील जो ग्रीन नावाच्या पोरसवदा मोतद्दाराचा प्रसंग आमच्या विद्यार्थ्यांनी अवश्य पाहावा. रात्री दौडत जाऊन वैद्यास आणल्यावर घामाने निथळत असलेल्या घोड्यास हा मुलगा पोटभर थंड पाणी पाजतो व अंगावर झूल घालीत नाही. घोडा मरणाच्या दारी जातो. मुलगा दुष्ट नाही, उलट मायाळू आहे. त्यास माहिती नव्हती, इतकेच. परंतु आजारी घोड्यास त्या मायेचा काय उपयोग? हा प्रश्न लेखिकेने मोठ्या धैर्याने उभा केला आहे. प्राण्यांवरील प्रेम ही भावना सर्वांसच आवडते. तिला ज्ञानाची जोड लागते, हे सांगणारी पुस्तके थोडी.

बंगालमध्ये जन्मलेले व तरुणपणी जपानमार्गे अमेरिकेस गेलेले लेखक धनगोपाळ मुकर्जी यांचा येथे उल्लेख न करणे अन्यायाचे होईल. १९२२ साली त्यांनी 'करी' या नावाच्या हत्तीची कथा लिहिली. तीत हत्तीचे पिलू पाच महिन्यांचे आणि त्याला सांभाळणारा मुलगा नऊ वर्षांचा आहे. १९२७ साली त्यांचे 'गे-नेक' हे पुस्तक निघाले व त्यास १९२८ सालचे न्यूबेरी पदक मिळाले. अमेरिकेत मुलांच्या वाङ्मयास मिळणारा हा मोठा मान होय. पुस्तकाचा नायक कलकत्त्यातील एका मुलाने पाळलेले कबूतर आहे, आणि त्याचे खरे नाव काय म्हणाल तर चित्रग्रीव! पंचतंत्रातील राजाचे नाव मुकर्जींनी एका साध्या पाळीव पक्ष्यास दिले, आणि मग त्यास राजनीती बोलावयास न लावता छपरावरून उडावयास शिकविले. हे कबूतर पुढे पहिल्या महायुद्धात निरोप्याचे काम करण्यास फ्रान्सच्या रणभूमीवर जाते. परत येते तेव्हा त्यास उडण्याचीच भीती वाटू लागलेली असते. ती भीती हिमालयातील एका बौद्ध मठाच्या सान्निध्यात हळूहळू निघते. हा भाग काहींस उपदेशपर वाटेल. आम्हांस तो पुस्तकाचा गाभा वाटतो. कारण युद्धाची जखम पंखांवर न दिसता मनावर असू शकते, ही गोष्ट मुलांस इतक्या सौम्यपणे फार थोड्यांनी सांगितली असेल.

आता आम्ही आमच्या मुख्य विषयाकडे वळतो. मार्जोरी किनन रॉलिंग्ज या लेखिकेची 'द यर्लिंग' ही कादंबरी १९३८ साली प्रसिद्ध झाली व १९३९ साली तीस पुलित्झर पारितोषिक मिळाले. मराठीत ती राम पटवर्धन यांनी 'पाडस' या नावाने आणली. हे भाषांतर इतके सरस उतरले आहे की पुष्कळ मराठी वाचकांस ती परभाषेतील कथा आहे याचाही विसर पडतो. लेखिका १९२८ साली फ्लोरिडा प्रांतात संत्र्यांचा बाग घेऊन राहावयास गेल्या. तेथील खुरट्या रानात राहणारी गरीब माणसे, त्यांची बोली, शिकार व शेती त्यांनी जवळून पाहिली. कादंबरीतील बॅक्स्टर कुटुंब अशाच रानात पाइन वृक्षांच्या एका उंचवट्यावर एकाकी राहते. बाप पेनी, आई ओरा, आणि बारा वर्षांचा ज्योडी. काळ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील.

प्रथम नावाविषयी दोन शब्द. मूळ नावाचा अर्थ एक वर्षाचे जनावर, म्हणजे जे आता पिलू राहिले नाही व पुरते वाढलेलेही नाही असे. आपल्या भाषेत गुरांच्या वयाला नावांची वाण नाही. वासरू, कालवड, गोऱ्हा, खोंड हे शब्द घरोघरी आहेत; बैलबाजारात तर दात पाहून आदत, दुसा, चौसा असे वय सांगतात. हरणासाठी मात्र आपल्यापाशी पाडस हाच एक लाडका शब्द. त्यामुळे मराठी नावात कोवळेपणा आला आणि वयाची ती मधली अवस्था निसटली. याबद्दल भाषांतरकारास बोल लावता येणार नाही. पण वाचकाने मूळ अर्थ मनात ठेवावा हे बरे. कारण ती मधली अवस्था जितकी हरणाची तितकीच ज्योडीचीही आहे.

पाडस घरात येते त्याचा प्रसंग असा. हरवलेली डुकरे शोधीत रानात गेला असता पेनीस विषारी साप चावतो. तो त्याच क्षणी जवळची एक हरिणी गोळी घालून मारतो आणि विष ओढून घेण्यासाठी तिचे काळीज दंशावर लावतो. (हा उपचार आजच्या वैद्यकास मान्य नाही. सर्पदंशावर प्रतिविषाची लस हाच उपाय, आणि ती आपल्या मुंबईच्या हाफकिन संस्थेतही तयार होत आली आहे. विद्यार्थ्यांनी कथेतील औषध कथेतच ठेवावे.) पेनी वाचतो. रानात हरिणीचे ठिपक्याठिपक्यांचे पाडस मात्र उरते. ज्योडी बापाशी वाद घालतो तो दयेच्या भाषेत नव्हे, न्यायाच्या भाषेत: आपण आपल्या जिवासाठी त्याची आई घेतली, तर त्यास उपाशी मरू देणे बरोबर होईल काय? बापापाशी याचे उत्तर नसते. पाडसाचे दूध ज्योडी आपल्या वाट्यातून देऊ करतो. येथे लेखिकेने हिशेबाची पहिली ओळ लिहून ठेवली आहे, हे वाचकाच्या ध्यानात पुढे येते.

शेजारच्या फॉरेस्टर कुटुंबातील अपंग मुलगा, ज्योडीचा एकुलता मित्र, रानातील जखमी जिवांना जवळ करणारा, या पाडसाचे नाव ठेवून जातो. हरीण पळताना पांढरी शेपटी उभारते, ती निशाणासारखी दिसते, म्हणून फ्लॅग. ज्योडी नाव विचारावयास जातो तो मित्र नुकताच वारलेला असतो. नाव त्यास मागे राहिलेल्यांकडून कळते. या प्रसंगावर अधिक लिहिणे आम्हांस योग्य वाटत नाही, तो वाचावाच.

पुढे महापूर येतो, पिके कुजतात, रोगाने रानातली जनावरे मरतात, आणि घरात धान्य मोजून वापरावे लागते. याच काळात फ्लॅग एक वर्षाचा होतो. वसंतात तो तंबाखूची रोपे तुडवितो. मग मक्याचे कोवळे कोंब खाऊन टाकतो. बाप अतिश्रमाने आत दुखापत होऊन अंथरुणावर. ज्योडी एकटा पुन्हा मका पेरतो आणि कुंपण उंच करण्यासाठी दिवसचे दिवस राबतो. कुंपण पुरे होते, आणि फ्लॅग ते सहज ओलांडून आत उतरतो. तेव्हा पेनी, ज्या बापाने मुलाच्या प्रत्येक आनंदाची पाठराखण केली तो पेनी, पाडसास रानात नेऊन गोळी घालावयास सांगतो.

शहरातील वाचकास येथे बाप निर्दय वाटण्याचा संभव आहे. आमच्या खेड्यांतून आलेल्या विद्यार्थ्यांस तसे वाटणार नाही. विदर्भातील शेतात रोह्यांचा व रानडुकरांचा कळप एका रात्रीत काय करतो, आणि मचाणावर बसून रात्र रात्र राखण करणे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी माहीत आहे त्यांस मक्याचे कोंब आणि वर्षाची भाकरी यांतील अंतर किती थोडे असते ते सांगावे लागत नाही. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये हरिण पाळणे वा मारणे निषिद्ध आहे, ही गोष्ट निराळी. बॅक्स्टरांच्या काळी व स्थळी असा कायदा नव्हता; होते ते एक शेत व तीन तोंडे.

ज्योडीस गोळी घालवत नाही. आई घालते, पण नेम चुकून पाडस घायाळ होते, आणि तडफडणाऱ्या जिवास सोडविण्याचे काम अखेर ज्योडीवरच येते. आईविषयी बहुतेक वाचकांचे मत येथे कडू होते. आम्ही त्यांस मागची पाने पुन्हा चाळावयास सांगू. या बाईने ज्योडीच्या आधी कितीतरी मुले मातीत घातली आहेत. जे जगेल की नाही याची खात्री नाही त्याला जीव लावावयाचे तिने कधीच सोडून दिले आहे, आणि जे जगले आहे त्याच्या पोटात अन्न पडावे एवढाच तिचा ध्यास आहे. लेखिकेने तिला गोड केले नाही, हे आमच्या मते या पुस्तकाचे मोठे बळ होय. स्वस्त प्राणिकथेत अशा जागी पाडस ऐन वेळी शहाणे होते, किंवा कोणी श्रीमंत गृहस्थ त्यास आपल्या उपवनात घेऊन जातो. येथे फ्लॅग अखेरपर्यंत हरीण राहतो. कुंपण दिसले की उडी मारणे हा त्याचा अपराध नाही, स्वभाव आहे. जुन्या कथांतील प्राण्यांस बोलता येई, म्हणून त्यांना समजावताही येई. फ्लॅगला समजावता येत नाही, आणि सारे दुःख यातूनच निघते.

ज्योडी घर सोडून नदीकडे पळतो. एका मोडक्या होडीतून भटकताना त्यास खरी भूक प्रथमच भेटते, आणि आई ज्या शत्रूची नित्य भीती बाळगीत होती तो कोण, हे त्याच्या पोटास कळते. टपालाची बोट त्यास उचलून परत आणते. वाटेत तो झऱ्यापाशी थांबतो. कथेच्या आरंभी, एका एप्रिलच्या दुपारी, त्याने याच झऱ्यात ताडपत्रीच्या पट्ट्यांचे पाणचक्र लावले होते आणि ते फिरताना पाहत तो झोपी गेला होता. आताही तो तसेच चक्र करून लावतो. पट्ट्या पाण्यावर फिरतात. तो थोडा वेळ पाहतो, मग उठून घराकडे चालू लागतो. घरात आजारी बाप बसलेला असतो.